वाघ दिसल्यास शाळा जबाबदार नाही

मागच्या डिसेंबरात चिरंजिवांच्या शाळेनं ताडोब्याची सहल काढली आणि घरी दोन पानी संमतिपत्र आलं. चंद्रपूरच्या माणसानं ताडोब्याला जाणं म्हणजे पुणेकरानं पर्वतीला जाणं. तरी ते पत्र वाचून पोरगं सियाचीनला निघालंय असं वाटत होतं. रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या, धुळीचं वावडं, आजीचा फोन नंबर, सगळं भरत भरत मी नवव्या कलमाशी आलो आणि थांबलो. ‘सफारीत वाघ दिसल्यास व त्यामुळे पाल्य घाबरल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाच मिनिटांत पहिली हरकत आली : ‘आणि न दिसल्यास?’

मग ग्रुप जो पेटला तो रात्री साडेअकरापर्यंत. सफारीच्या उघड्या कँटर गाडीला बाजूनं काचा असतात का? नसतात, मग जाळी असते का? पहाटेची थंडी मुलांना सोसायची नाही, तेव्हा सफारी अकरा वाजता ठेवता येईल का? (वाघाला विचारून सांगतो, असं मी टाइप केलं आणि खोडलं.) एका बाईंना नाश्त्याच्या पोह्यात शेंगदाणे आहेत का हे हवं होतं. एक गृहस्थ कोळशाच्या भूमिगत खाणीत नोकरीला आहेत. रोज डोक्याला दिवा लावून जमिनीच्या पोटात उतरतात आणि संध्याकाळी काळेभोर होऊन वर येतात. त्यांनी विचारलं, कँटरमध्ये धरायला दांडा आहे का, आणि असल्यास तो सॅनिटाइझ केलेला असतो का?

एवढं सगळं निभावलं असतं. पण कोणीतरी नियम वाचून दाखवला की ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही. ग्रुपवर शोककळा पसरली. वाघ, अस्वल, थंडी, शेंगदाणे सगळं बाजूला पडलं. चार तास आपलं मूल कुठं आहे हे आपल्याला दिसणार नाही!

खुलासा करतो. आमच्या चिरंजिवांच्या मनगटावर एक घड्याळ आहे. त्यात वेळही दिसते. बाकी तो शाळेत आहे, व्हॅनमध्ये आहे की ट्यूशनच्या जिन्यात रेंगाळतोय, हे सगळं माझ्या फोनवर निळ्या ठिपक्यानं कळतं. वनविभागसुद्धा काही वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालतो. पण ती मोजक्याच वाघांना, अभ्यासापुरती, आणि बॅटरी संपली की वाघ मोकळा. आमचं घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लागतं.

शेवटी दोन पालकांनी सोबत जावं असं ठरलं. त्यातला एक मी, कारण उघड होतं. मला विनोदी लेख लिहायचा होता. विषयही पक्का झाला होता : आमच्या वेळी पोरं कशी वाढायची, आणि आता कशी वाढवली जातात.

‘आमच्या वेळी’चा माल माझ्याजवळ भरपूर आहे. मी सिंदेवाही तालुक्यातल्या खेड्यातला. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया भरतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. रात्री दहाला पडदा उघडला तर कोंबडा आरवेपर्यंत पडत नाही. आम्ही पोरं स्टेजसमोर तणसावर बसायचो, दुसऱ्या गाण्याला आडवी व्हायचो आणि खलनायकाच्या बंदुकीच्या बारानं उठायचो. एकदा मी झोपेत उठून भलतीकडेच गेलो. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात खलनायक थांबला आणि माईकवर पुकारा झाला, ‘निळी चड्डी घातलेला एक पोरगा स्टेजच्या मागं सापडला आहे. ज्याचा असंल त्यानं घेऊन जावं.’ बाबांनी तो ऐकला. चड्डीही ओळखली. पण नाटक असं ठिकाणावर आलं होतं की अंक संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. आले तेव्हा मी ऑर्गनवाल्याच्या मांडीवर घोरत होतो. बाबांनी त्याला बिडी दिली, मला खांद्यावर टाकलं आणि पुढचा अंक पाहायला जाऊन बसले.

आज असं झालं तर नाटक मंडळीवर गुन्हा दाखल होईल आणि पोराला समुपदेशन.

याला जोड म्हणून हेमलकसाही तयार ठेवलं होतं. १९७३ मध्ये भामरागडच्या त्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. प्रकाश आणि मंदा आमट्यांची मुलं तिथं बिबट्या-अस्वलांच्या संगतीत वाढली, माडिया मुलांच्याच शाळेत शिकली. नेगल नावाच्या बिबट्यावर तर विलास मनोहरांचं अख्खं पुस्तक आहे. हे उदाहरण मी मोठ्या आवाजात बायकोला ऐकवलं. ती पोराच्या डब्यातल्या द्राक्षांचे उभे दोन-दोन तुकडे करत होती. सुरी न थांबवता म्हणाली, ‘ते दोघं डॉक्टर होते.’

मग मी आईकडे वळलो. आईनं आम्हाला कसं मोकळं सोडलं होतं, हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

‘तुझे बाबा तसेच होते,’ आई म्हणाली. ‘मले कायले मंदी घेतं? तुझ्या आधीची एक होती. पंधरा दिवसांची. तिले तं मी पदराखालून काढलीच नवती. कोनाची नजर नको, वारा नको. तरी गेली.’

विनोदी लेखात अशी वाक्यं घेऊ नयेत असा संकेत आहे. पण ती म्हणाली आणि मला लेखाचं पहिलं पान बाजूला ठेवावं लागलं. कारण ‘आमच्या वेळी पोरं आपोआप वाढायची’ हे आपण, जे जगलो-वाचलो, तेच सांगतोय. जी वाढली नाहीत ती कुठं लेख लिहितात?

आणि हे फार लांबचं नाही. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला येऊन कामाला लागले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यांत मोजणी केली तेव्हा, १९८८ साली, हजार जन्मांमागे १२१ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. माझ्या आईसारख्या आया काही निष्काळजी नव्हत्या. पदराखाली धरून बसल्या होत्या. पण धोका वाऱ्यातून येत नव्हता नि नजरेतूनही नाही. न्यूमोनिया होता, रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग होता, अंगातली ऊब निघून जाणं होतं. बंगांनी काय केलं, तर ३९ गावांत गावातलीच एकेक बाई शिकवून तयार केली. आरोग्यदूत. बाळाचा श्वास कसा मोजायचा, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरला तर काय समजायचं, बाळाला उबदार कसं ठेवायचं, इंजेक्शन केव्हा द्यायचं, हे तिला शिकवलं आणि ती घरी येऊन बाळाला पाहायची. २००३ पर्यंत १२१ चे ३० झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं या प्रयोगावरचा शोधनिबंध छापला आणि पुढं ही रीत देशभर गेली. एक थर्मामीटर, एक घड्याळ, एक पिशवी आणि काय पाहायचं हे ठाऊक असलेली एक बाई.

आमच्या घरी थर्मामीटर चार आहेत. एक कानाचा, एक कपाळाचा, एक काखेचा, नि एक पाऱ्याचा, जो माझ्या सासऱ्यांचा असून त्यावर फक्त त्यांचाच विश्वास आहे. चौघांचं एकमत आजवर झालेलं नाही. झालं नाही की आम्ही पोराला शाळेत पाठवत नाही.

असो. सहल.

पहाटे पावणेसहाला मोहर्लीच्या गेटवर आमची मुलं उतरली ती कांद्यासारखी. बनियन, थर्मल, शर्ट, स्वेटर, जॅकेट, कानटोपी, वरून मास्क. एकाला शूची घाई लागली, तर मूळ मुलापर्यंत पोचायला शिक्षिकेला सात मिनिटं लागली. गेटपाशी एक म्हातारी टोपलीत बोरं घेऊन बसली होती. शिक्षिकेनं ‘बाहेरचं काही खायचं नाही’ असं जाहीर केलं. म्हातारीनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आजूबाजूच्या जंगलाकडे पाहिलं. त्या जंगलात ‘बाहेरचं’ म्हणजे नेमकं कोणतं, हे तिला समजलं नसावं. (चिरंजिवांच्या पँटच्या खिशात चार बिया धुलाईत सापडल्या. मी बायकोला बोललो नाही. आता वाचेल.)

आमच्या कँटरची गाइड गाभ्याबाहेरच्या बफर क्षेत्रातल्या गावची बाई होती. खाकी गणवेश, डोक्याला मफलर, आवाज मात्र कुठल्याही माईकशिवाय शेवटच्या सीटपर्यंत. ताडोब्यात अशा बऱ्याच जणी गाइडचं काम करतात. तिनं पोरांना सुरुवातीलाच सांगितलं, ‘हे बघा, १९५५ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं. इथं घर वाघाचं हाय, आपन पाहुने. पाहुन्यानं वरडाचं नाही.’ पोरं गप्प झाली. आमच्या घरात हेच काम करायला दोन मोबाइल लागतात.

वाटेत मी माझ्या लेखासाठी तिला गाठलं.

‘ताई, तुमची मुलगी शाळेत कशी जाते?’

‘आता निळ्या बसनं. पयले सायकलनं जाय.’ निळी बस म्हणजे मानव विकासची, आठवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना शाळेत नेऊन आणणारी एसटी.

‘जंगलातूनच ना?’

‘मंग कुठून?’

मला हवं तेच चाललं होतं. ‘वा! धीट आहे हो मुलगी. शहरातली पोरं पाहा. तुम्ही लोक मुलांना मोकळं सोडता, म्हणून ती—’

‘धीट कायची भाऊ?’ तिनं मला मधेच तोडलं. ‘रस्ता एकच आहे म्हनून जाते. आमाले काय हौस आहे का जी, पोरीले वाघाच्या वाटेनं पाठवाची? बस उशिरा आली का माहा जीव इथं लागत नाही.’

माझ्या लेखाचं दुसरं पानही गेलं.

थोडा वेळ ती जंगलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘पन शिकवलं आहे तिले. दिवस उगवाच्या आत आन बुडल्यावर एकटं निघाचं नाही. जाताना बोलत जाचं. खाली वाकाचं नाही, वाकलेलं मानूस वाघाले जनावर वाटते, मोहा वेचताना म्हनून तं होते. वानर वरडलं, चितळानं कॉल देल्ला, का थांबाचं. आन दिसलाच तं पळाचं नाही.’

मी बसल्या जागी हिशोब केला. ‘पळू नकोस’ हे मी माझ्या पोराला रोज सांगतो. घाम येतो, घामावर वारा लागतो, वाऱ्यानं सर्दी होते. ‘वाकू नकोस’ हेही सांगतो, पाठीला पोक येतं. ‘एकटा जाऊ नकोस’, ‘अंधार पडायच्या आत ये’, सगळं तेच. दोन्ही घरांतलं पाठांतर शब्दाशब्दानं सारखं. फरक एवढाच की तिच्या भीतीला वेळ होती, वाट होती, पायाचे ठसे होते. आमची भीती म्हणजे पत्ता नसलेलं पार्सल, ते कोणत्याही दारावर येतं आणि आम्ही सही करून घेतो.

तसं पाहिलं तर चंद्रपुरात आम्हाला खरी भीती काही कमी नाही. २०२२ मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला, वीज केंद्राच्या आसपास, वाघ-बिबट्यांनी माणसं नेली. त्या वस्तीतल्या आयांनी पोरं संध्याकाळी घरात कोंडली तर कोणत्या तोंडानं त्यांना ‘अतिकाळजी’ म्हणायचं? उन्हाळ्यात शहराचा पारा ४७-४८ वर जातो, तेव्हा दुपारी पोराला गच्चीवर न सोडणं याला बालसंगोपन म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात. गंमत अशी की याच शहरात मला घसरगुंडीची जास्त भीती वाटते.

घसरगुंडीवरून मे २०१८ आठवला. चिरंजीव तेव्हा चार वर्षांचे. मी बागेतल्या घसरगुंडीच्या खालच्या टोकाला दोन्ही हात पसरून उभा होतो आणि बायको वरच्या टोकाला. तेवढ्यात फोनवर बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेची पोरं एव्हरेस्टवर पोचली. बोर्डा, देवाडा, जिवतीची पोरं! मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे, विकास सोयाम. उंची ८८४८ मीटर. मी घसरगुंडीची उंची नजरेनं मोजली. सहा फूट असावी. ‘सावकाश रे,’ मी ओरडलो.

‘मिशन शौर्य’ नावाच्या या मोहिमेचा तेव्हा मी एकच अर्थ लावला होता, की आदिवासी पोरं मुळातच काटक असतात. सोयीचा अर्थ आहे. यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. नीट वाचल्यावर कळलं की त्यांना कोणी ‘जा बाळा, चढ’ म्हणून सोडून दिलं नव्हतं. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनानं निवड केली, कित्येक महिने सराव करवून घेतला, बर्फावर नेलं, दोराला बांधलं, प्राणवायू पाठीवर दिला, शेर्पा पुढं-मागं ठेवले. दहा जण गेले, पाच माथ्यावर पोचले. उरलेले पाच माथ्याअलीकडून परत फिरले, आणि मला आता त्या पाच जणांचंही तेवढंच कौतुक वाटतं. पोराला एव्हरेस्टच्या वाटेवर ‘आता खाली चल’ म्हणणं आणि पोरानं ते ऐकणं, ही दोन्ही कामं सोपी नाहीत. माझा पोरगा माझं टीव्हीच्या बाबतीतही ऐकत नाही, कारण दिवसातून साठ वेळा मी त्याला खाली उतर म्हणतो. सोफ्यावरून, खिडकीवरून, पाटावरून. एकसष्टाव्या वेळेला खरं कारण असलं तरी त्याला कसं कळणार?

तर कँटर. सव्वासात-साडेसातला चितळाचा कॉल आला. ताईंनी हात वर केला, गाडी थांबली. आणि बांबूतून वाघीण निघाली. मागे दोन पिल्लं, जवळजवळ तिच्याएवढीच. रस्ता ओलांडून ती संथपणे पलीकडच्या गवतात गेली. एक पिल्लू तिच्या मागोमाग. दुसरं मधेच रस्त्यावर बसलं आणि आमच्याकडे पाहायला लागलं. आमच्या मुलांपैकी एकही घाबरलं नाही, नववं कलम वाया गेलं. घाबरलो आम्ही दोघं पालक. खाणीतल्या गृहस्थांनी दांडा घट्ट धरला, सॅनिटाइझ केलेला होता का हे न पाहता.

‘तिचं पोर मागं राहिलं,’ चिरंजीव कुजबुजले. ‘तिनं पाहिलंपण नाही.’

‘पाहत नाही असं तुले वाटते,’ ताई हळूच म्हणाल्या. ‘मान नाही वळवत. कान पाय तिचे.’

पाहिले. वाघीण पुढं बघत चालली होती, पण दोन्ही कान मागं वळलेले होते. त्यावर ते पांढरे ठिपके, जणू तिथंही डोळे.

‘किती दिवस सांभाळते ही यांना?’ मी विचारलं.

‘दोन साल. मंग हाकलून देते. नाही गेले तं गुरगुरते.’

खाणीतले गृहस्थ विचारात पडले. ‘दोन वर्षांत तर आमचं प्ले-ग्रुपचं अॅडमिशन झालं होतं,’ ते म्हणाले.

परत आल्यावर ग्रुपवर फोटो पडले, आभार पडले, आणि ‘माझ्या मुलाला संध्याकाळपासून शिंका येताहेत, आणखी कोणाला?’ हेही पडलं. मी घड्याळाच्या अॅपमध्ये चार तासांची रिकामी जागा पाहत बसलो. निळा ठिपका मोहर्लीच्या गेटवर गायब आणि चार तासांनी तिथंच हजर. मधला मुलगा कुठं गेला होता, हे फक्त आम्हाला कँटरवाल्यांना माहीत.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला आईनं परस्पर कारभार केला. आम्ही दोघं पोराला दहा वर्षांचा झाला म्हणून कोणकोणत्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं द्याव्यात, यावर चर्चा करत होतो. आईनं वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, ‘जाय रे, कोपऱ्यावरून कोथिंबीर आन आन दह्याचा पाऊच आन.’ तो गेलासुद्धा. घड्याळ चार्जिंगला.

दुकान एकशे चाळीस पावलांवर आहे. हे मी मोजलेलं आहे, आणि का मोजलं हे मी सांगणार नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘जाऊ दे ना. शिकेल.’ आणि ‘जरा स्कूटरला पंक्चर आहे का पाहतो’ म्हणून खाली उतरलो.

तो पुढं, मी मागं. वीस-पंचवीस पावलांचं अंतर. वाटेत एक मोटरसायकल गेली, मी विजेच्या खांबाआड. एक कुत्रं त्याच्याजवळ आलं, त्याला हुंगलं, सोडून माझ्याकडे आलं आणि माझ्यावर भुंकायला लागलं. समोरच्या गॅलरीतून एक काकू विचारत्या झाल्या, ‘काय भाऊ, काही हरवलं का?’ मी खुणेनंच त्यांना गप्प केलं. पोरगा दुकानाशी पोचला, कोथिंबीर घेतली, हुंगून पाहिली, दह्याचा पाऊच घेतला. दुकानदार काहीतरी म्हणाला. पोरानं मूठ उघडून पैसे पाहिले.

मग मान न वळवता, दुकानदाराकडेच बघत तो मोठ्यानं म्हणाला, ‘बाबा, पाच रुपये कमी पडून राह्यले.’